वन्सं, ताट तुमच्या हातात होतं

वन्सं, तुम्ही गेलात त्या सकाळी मोड आलेले वाल फडक्यात बांधलेले होते. आदल्या दिवशी तुम्हीच म्हणाला होतात, "उद्या बिरडं कर गं, आणि नारळाचं दूध जरा सढळ हाताने घाल." मग उद्या उजाडला आणि तुम्ही अर्धा चहा कपात ठेवून, खिडकीपाशी खुर्चीतच, कुणाला काही न सांगता निघून गेलात. डॉक्टर, फोन, येणारीजाणारी माणसं, यात ते फडकं तसंच राहिलं. पुढे मुक्ताला वास आला. माझी लेक नाक धरून म्हणाली, "आई, हे टाकू ना?" मी टाक म्हटलं आणि मग मला जे रडू कोसळलं ते आवरेना. तुम्हाला नेलं तेव्हा मी धड रडले नव्हते. रडले ती वालांवर. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लेखिका गेली त्याचं काही नाही, बिरडं गेलं म्हणून रडतेय!"

पेपरात बातमी आली आहे. 'ज्येष्ठ लेखिका' असं छापलंय. तुम्हाला या शब्दाचा किती राग यायचा! "एकच कादंबरी लिहिली, तीही शाळेतून निवृत्त झाल्यावर. ज्येष्ठ कसली, मी नवोदित आहे," असं तुम्ही भर सभेत सांगितलं होतंत आणि माईकवाल्यालाही हसू आलं होतं.

भेटायला माणसं खूप आली. दादरच्या शाळेतल्या तुमच्या जुन्या विद्यार्थिनी आल्या, त्यांच्याही आता सुना आलेल्या. पण जास्त करून आल्या त्या 'दुसरीचं नाव' वाचलेल्या बायका. एक लालबागहून आली होती. तिच्या पिशवीत तुमची कादंबरी होती, पानं सुटलेली, रबरबँडने बांधलेली. ती तुमच्या फोटोसमोर बसून रडली आणि मग मला म्हणाली, "तुम्ही बाईंच्या वहिनी ना? एक विचारू? ती वसुधा खरंच कोणी होती का हो?" मी म्हटलं, "चहा घ्या आधी." तिने चहा घेतला आणि प्रश्न विसरली. बरं झालं. तिला काय सांगणार होते? वसुधा तिच्यासमोर ट्रे घेऊन उभी होती म्हणून?

आता सगळं निवलंय, घर रिकामं झालंय, तर मी जरा बोलून घेते. तुम्ही होतात तेव्हा बोलायला सुरुवात केली आणि कुकरची शिट्टी झाली. तेवढंच राहून गेलं.

मी गिरगावातली मंदा. लग्न होऊन प्रभादेवीला या घरात आले. गृहप्रवेशानंतर लक्ष्मीपूजन झालं आणि नाव ठेवायची वेळ आली. तांदूळ पसरलेलं चांदीचं ताट तुम्ही धरलं होतंत, नवऱ्यामुलाची थोरली बहीण म्हणून तो मान तुमचा. सासूबाईंनी माझं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं, सुहासिनी. पेढ्यांच्या बॉक्सबरोबर द्यायच्या चिठ्ठ्यांवरसुद्धा तेच छापायला टाकायचं होतं, पण प्रेसवाल्याला वेळ नव्हता म्हणून राहिलं. माझ्या सगळ्या संसाराचं नशीब त्या प्रेसवाल्याच्या हातात होतं असं मी नंतर कितीदा म्हटलंय. ह्यांनी बोटातली अंगठी काढली, तांदळात लिहायला लागले, आणि लिहिलं 'रेवती'.

मी मान खाली घालून बसले होते, त्यामुळे मला ताट दिसत होतं आणि ताट धरलेले तुमचे हात दिसत होते. ते हात हलले. चार तांदूळ माझ्या शालूवर सांडले. मला वाटलं, दिवसभर उभ्या आहेत, दमल्या असतील. मग तुम्ही खणखणीत आवाजात, वर्गात हजेरी घ्यावी तशा, वाचलंत, "रेवती! वा, सुरेख नाव." सासूबाई काही म्हणणार तोवर तुम्ही माझ्या तोंडात पेढा घातला होतात. टाळ्या झाल्या. मी रेवती झाले.

तुमच्या कादंबरीतही हे सगळं असंच आहे, फक्त पेढ्याऐवजी साखर आहे. आणि कादंबरीत वाचकाला जे पुढच्याच पानावर कळतं ते वसुधाला वीस वर्षं कळत नाही. नवऱ्याने तिला जे नाव दिलं ते त्याच्या मनातल्या मुलीचं होतं. त्या मुलीशी त्याचं लग्न ठरू शकलं नाही, जात आड आली, आई अंथरुणाला खिळायची धमकी देऊन बसली, आणि हे सगळं ठाऊक असलेल्या एकाच माणसाने ताट धरलं होतं.

ती कादंबरी तुम्ही मला वाचून दाखवलीत. हे मी कुणाला सांगितलं तर त्यांना फार हेवा वाटतो. हे जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती, मुक्ता कॉलेजात होती, घरात आपण दोघीच. दुपारची जेवणं झाली की मी खाली बसून वाल सोलायची आणि तुम्ही झोपाळ्यावर बसून प्रकरण वाचायच्यात. वाल सोलणं हे काम असं की हात चालतात आणि नजर खालीच राहते. तुम्हाला ते आवडायचं नाही. "वर बघ ना जरा, कसं वाटतंय सांग," म्हणायच्यात. मी म्हणायची, "कान तुमच्याकडेच आहेत, वन्सं. वाचा." तुम्ही ओळ वाचायच्यात, थांबायच्यात आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्यात. लेखिका श्रोत्याकडे बघते तसं ते बघणं नव्हतं. ते मला कळत होतं.

सगळ्यात अवघड गेलं ते हॉलचं प्रकरण. दादरला कुणाच्या तरी लग्नात वसुधा जेवायला बसलेली असते, मागून कुणीतरी तिच्या नावाने हाक मारतं, आणि एकाच वेळी दोघी वळतात. ती आणि दुसरी एक. दुसरी हसते, म्हणते, "अय्या, आपलं नाव सारखंच की!" आणि तिच्यामागून वसुधाच्या नवऱ्याचा पांढराफटक चेहरा दिसतो. तिथे वसुधाला सगळं कळतं. हात न धुता ती पानावरून उठते.

ते वाचताना तुमचा आवाज चिरकला होता. कारण तो हॉल खरा होता, ती पंगत खरी होती, आणि मागे वळलेली मी होते. डिलाईल रोडची ती रेवती चांगली गोरीगोमटी, हसतमुख बाई होती. शेजारी तिचा जाडजूड नवरा होता, त्याच्या पानात ती आग्रहाने मठ्ठा वाढायला सांगत होती. तिने माझ्या साडीचं कौतुक केलं. पांढराफटक चेहरा ह्यांचा नव्हताच, वन्सं, तो तुमचा होता. हे तर निवांतपणे वरणभात कालवत होते. आणि मी पानावरून उठले नाही. मी आणखी एक जिलबी घेतली. तुम्ही ती जिलबी कादंबरीत घेतली नाहीत याचं मला अजून वाईट वाटतं.

जिलबी माझ्या घशाखाली उतरली, कारण मला माहीत होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी ह्यांनी मला सांगितलं होतं.

घरामागे समुद्रावर आम्ही संध्याकाळी फिरायला जायचो, तुम्हाला आठवतं ना? तुम्ही चिडवायच्यात, "निघाली जोडी!" तिथे एकदा दगडावर बसून हे म्हणाले, "तुला एक सांगायचंय. ऐकून तू माहेरी गेलीस तरी मी अडवणार नाही." मग सगळं सांगितलं. नाटकाच्या तालमी, डिलाईल रोडची चाळ, सासूबाईंचं रडणं, तिचं दुसरीकडे झालेलं लग्न. "ताटात सुहासिनीच लिहायचं होतं. अंगठी टेकली आणि हात त्याच नावाकडे गेला. मी ठरवून नाही लिहिलं. ताईने बघितलं, तिने मला वाचवलं. तिला यातलं कधी काही विचारू नकोस."

मी दुसऱ्या दिवशी गिरगावात आईकडे गेले. आईला सांगितलं, कंटाळा आला म्हणून आलेय. तिने एका शब्दाने विचारलं नाही, नुसतं खायला घातलं. मी खूप संतापले होते, वन्सं. आरशात बघून केस विंचरतानासुद्धा वाटायचं, ही कोणाची वेणी घालतेय मी? ऑफिसातली कुणी रेवती म्हणून हाक मारली तर मी ओ देणार की नाही, हेच मला कळत नव्हतं.

मग एका रविवारी सकाळी हे चाळीच्या चौकात येऊन उभे राहिले. वर आले नाहीत. खालूनच हाक मारली, "मंदा!" सगळ्या गॅलऱ्या बाहेर आल्या. जावई सासुरवाडीला येतो आणि बायकोला माहेरच्या नावाने, तीही चौकातून, हाक मारतो, असं कुणी पाहिलं नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "मंदे, तुझा नवरा हाक मारतोय, का दूधवाला?" ह्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारायच्या आत मी खाली होते.

तिथेच जिन्यात आमचं ठरलं. हे म्हणाले, "आईला सांगतो, नाव बदलून टाकू." मी म्हटलं, "आता नको. ऑफिसात झालंय, रेशनकार्डावर चढलंय. शिवाय नावाने माझं काही घोडं मारलेलं नाही. लोकांना म्हणू दे रेवती. पण तुम्ही मला त्या नावाने हाक मारायची नाही. कधीच."

त्यांनी कधीच मारली नाही. आम्ही दोघंच असलो की मंदा, आणि चारचौघांत 'अगं', 'ऐकलंस का', 'मुक्ताची आई'. तुम्ही एवढ्या बारकाईने बघणाऱ्या, वर्गात शेवटच्या बाकावरची मुलगी चिंच खातेय हे तुम्हाला फळ्याकडे तोंड करून कळायचं. पण तुमचा भाऊ आपल्या बायकोला जन्मात एकदाही तिच्या नावाने हाक मारत नाही, हे तुमच्या लक्षात आलं नाही. तुमची काय चूक म्हणा, आपल्याकडे निम्म्या घरांत नवरे 'अगं'वरच संसार काढतात.

अशी मी सगळ्या जगाची रेवती आणि एका माणसाची मंदा. हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण ते मला फार आवडायचं. एखादा दागिना आतल्या बाजूला घालावा तसं होतं ते.

म्हणून तुम्ही वाचत होतात आणि मी गप्प राहून वाल सोलत होते. ह्यांना दिलेला शब्द होता हे एक कारण. दुसरं कारण ऐकून तुम्ही चिडाल. मला कादंबरी ऐकायची होती. पहिल्याच प्रकरणाला मी म्हटलं असतं की वन्सं, मला सगळं माहीत आहे, तर तुम्ही वही मिटून ठेवली असतीत आणि वसुधा तिथेच ताटासमोर बसून राहिली असती.

आणि वसुधा निघाली काय सुंदर! एक बॅग घेऊन घराबाहेर पडते, नव्या जागी दारावर आपलं माहेरचं नाव लावते, आणि पहिल्या दिवशी पोस्टमन ते नाव वाचून हाक मारतो तेव्हा तिला ओ द्यायला वेळ लागतो. ते पान वाचून झाल्यावर माझ्या हातातले वाल तसेच राहिले होते. तुम्हाला वाटलं असेल, आता ही विचारेल. मी म्हटलं, "फार छान. ते पोस्टमनचं तर फारच." तुम्ही वही मिटलीत आणि आत जाऊन पडलात. तुम्हाला वेगळं काही ऐकायचं होतं.

ते मला नीट कळलं ते या वर्षी. प्रकाशकांचा फोन आला, नवी आवृत्ती काढायची आहे, नवं मनोगत लिहून द्या. तुम्ही आठवडाभर कागद घेऊन बसलात आणि एका दुपारी मला समोर बसवलंत.

"मनोगतात मला खरं लिहायचंय. पण छापून येण्याआधी तुला सांगायला हवं. तुझं नाव..."

"वन्सं, मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"डिलाईल रोडची रेवती."

तुम्ही चष्मा काढलात. "कधीपासून?"

"लग्न झालं त्या वर्षीपासून."

"कोणी सांगितलं तुला?"

"ज्यांनी लिहिलं त्यांनीच."

तुम्ही चष्मा पुसून परत घातलात. मग एकदम म्हणालात, "म्हणजे मी वाचत होते तेव्हा तुला माहीत होतं? आणि तू खुशाल वाल सोलत होतीस?"

"मग काय करणार? संध्याकाळी बिरडं करायचं होतं."

तुम्ही हसायला लागलात. हसता हसता रडायला लागलात. मी पाणी आणलं. आणि पाणी पिऊन होताच तुम्ही भांडायला उठलात! "अगं मग माझा शेवटच चुकला! तू राहिलीस, सुखाने राहिलीस, आणि मी वसुधाला घराबाहेर काढलं. बायका माझ्या हातात हात देऊन सांगतात, बाई, तुमच्या वसुधाने मला बळ दिलं. मी काय खोटं सांगितलं का गं त्यांना? मी शेवट बदलते. वसुधाला परत आणते."

"खबरदार!" मी म्हटलं. तुम्हाला 'खबरदार' मी त्याआधी कधी म्हटलं नव्हतं. "वसुधा गेली ते बरोबरच केलं तिने. तिच्या नवऱ्याने तिला सांगितलं नाही. माझ्या नवऱ्याने सांगितलं. मला हे त्या हॉलमध्ये कळलं असतं ना, तर मीही गेले असते, आणि वसुधापेक्षा मोठी बॅग भरून गेले असते."

तुम्ही बारीक आवाजात विचारलंत, "आणि मी? मी सांगितलं नाही त्याचं काय?"

मी गोड बोलू शकले असते. तुम्ही थकलेल्या होतात. पण तुम्हाला गोड बोललेलं लगेच कळायचं. मी म्हटलं, "तुम्ही सांगायला हवं होतं, वन्सं." तुम्ही मान हलवलीत. तुम्हाला इतकी वर्षं बहुतेक तेवढंच ऐकायचं होतं, कारण मग तुमचा चेहरा निवळला आणि तुम्ही मागे टेकून बसलात.

थोड्या वेळाने म्हणालात, "खरं सांग. माझ्या जागी तू असतीस, ताट तुझ्या हातात असतं, तर हात फिरवून नाव पुसलं असतंस का?"

तेव्हा कुकरची शिट्टी झाली. मी उठले आणि म्हटलं, "विचार करून सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या खोलीतून हाक आली, "मंदा, चहा झाला का गं?" मी ओट्यापाशी उभी होते, तिथेच खाली बसले. हे गेल्यापासून त्या नावाने मला कुणी हाक मारली नव्हती. मग तुम्हाला सवयच लागली. मंदा, चष्मा कुठेय. मंदा, पंखा कमी कर. मुक्ताला वाटलं, आत्याला विसरायला होतंय. डॉक्टरांना विचारू का म्हणाली. मी म्हटलं, "आत्याला आत्ताच आठवायला लागलंय." ते तुमचे शेवटचे काही महिने होते, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. मी फार सुखात होते, वन्सं. तुम्हाला ते दिसत होतं ना?

एकदा मी म्हटलंसुद्धा, "तुम्हाला मजा वाटते हाक मारायला." त्यावर तुम्ही म्हणालात, "तुला हाक मारणारं कुणीतरी आहे गं. माझं नाव कुणी बदललं नाही, पण ते घेणारं तरी कोण उरलंय? शाळेत बाई, सभेत इंदुमतीताई, मुक्ताची आत्या, तुझी वन्सं. नुसतं इंदू म्हणणारी आई गेली, बाबा गेले, माझ्याबरोबर लगोरी खेळणाऱ्यासुद्धा गेल्या." नणंदेचं नाव घ्यायचं, तेही थोरल्या, हे माझ्या जिभेला कुणी शिकवलेलंच नव्हतं.

प्रकाशकांचा परवा फोन आला होता. मनोगत अर्धंच आहे, काय करायचं म्हणाले. आणि बाई शेवट बदलणार होत्या असं कानावर आलंय, तसं काही लिहून ठेवलंय का? मी सांगितलं, काही नाही. कादंबरी आहे तशी छापा, शेवटासकट. वसुधा तिच्या दारावर तिचं नाव लावून सुखात आहे. मी इथे माझ्या दोन नावांत सुखात आहे. दोघींचं जमलंय.

राहिलं ते तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मी विचार करून सांगते म्हटलं होतं. विचार झालाय.

नसता फिरवला हात. तुमच्या जागी मी असते तर मीसुद्धा ते नाव मोठ्याने वाचलं असतं. आपल्या धाकट्या भावाचा हात त्याच नावाकडे गेलेला बघितल्यावर समोर बसलेल्या परक्या मुलीचा विचार कुणाला सुचणार? पण दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला स्वयंपाकघरात गाठलं असतं आणि दार लावून सांगितलं असतं. माझं तुमच्याशी एवढंच भांडण आहे. ते मी मिटवणार नाही. ते असलं म्हणजे तुमच्याशी बोलायला निमित्त राहील.

आज दहावा झाला. शेजारच्या काकी सांगून गेल्या की दिव्यापाशी ताटात पीठ पसरून टोपलीने झाका, गेलेलं माणूस पुढे कुठल्या जन्माला गेलं त्याचं पाऊल त्यात उमटतं. मुक्ता म्हणाली, "आई, तू हे असलं मानतेस?" मी म्हटलं, "मी नाही मानत, तुझी आत्याही मानत नव्हती." पण तिन्हीसांजेला मी कपाट उघडलं आणि ते चांदीचं ताट काढलं. तेच, तुमच्या हातातलं. खिडकीखाली, तुमच्या खुर्चीपाशी ठेवलं, पीठ पसरलं, दिवा लावला. टोपली हातात घेतली आणि थांबले.

मग बोटाने लिहिलं. आणि तुम्ही त्या दिवशी वाचलं होतंत तसं, खणखणीत आवाजात वाचलं.

मुक्ता आतून म्हणाली, "कुणाला हाक मारतेयस गं आई?"

"इंदूला," मी म्हटलं आणि दिव्यात तेल घातलं.